डीबीएसच्या आधी चालणं नीट तपासून घ्या: कंपवाताच्या घरांसाठी पायऱ्यापायऱ्यांनी मार्गदर्शन

कंपवातावर, म्हणजे पार्किन्सनवर, डॉक्टरांनी डीबीएसचं (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) नाव काढलं की घरात पहिला प्रश्न हाच येतो: "म्हणजे बाबा पुन्हा नीट चालतील ना?" याचं उत्तर सरसकट हो किंवा नाही असं देता येत नाही. चालण्यातलं नेमकं काय बिघडलंय, यावर ते ठरतं.

डीबीएसमध्ये मेंदूच्या आत खोलवर दोन बारीक तारा बसवतात, एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या. त्वचेखालून जाणारी वायर त्यांना छातीवरच्या बॅटरीशी जोडते आणि तिथून सतत सूक्ष्म विजेचे ठोके जात राहतात. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे बेनाबिद आणि पोलाक या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली ती कंपासाठी. कंप, ताठरपणा, मंदावलेल्या हालचाली, लेव्होडोपा या नेहमीच्या गोळीचा दिवसभराचा चढउतार आणि गोळीमुळे होणाऱ्या अनावर हालचाली यांवर तिचा आजही उत्तम उपयोग होतो. तोल जाणं, गोळी चढलेली असतानाही पाय जमिनीला चिकटणं, बोलता बोलता अडखळणं, यांवर मात्र तिचा भरवसा धरू नका.

असं का? निरोगी माणूस चालताना पायांचा विचार करत नाही. सवयीच्या हालचाली बेसल गँग्लिया हा मेंदूच्या आतला भाग परस्पर सांभाळतो. कंपवातात तिथलं डोपामीन हे रसायन आटतं आणि ते काम कपाळामागच्या मेंदूकडे येतं. म्हणजे प्रत्येक पाऊल लक्ष देऊन टाकावं लागतं. लक्षाचा साठा मोजकाच असतो. कुणी हाक मारली, फोन वाजला, हातात पाण्याचा ग्लास असला की लक्ष तिकडे वळतं आणि पाय थबकतात. शिवाय चालणं आणि लक्ष या दोन्हींना अॅसिटिलकोलीन हे दुसरं रसायनही लागतं. या आजारात तेही कमी होत जातं. ती तूट लेव्होडोपा भरून काढत नाही आणि डीबीएसही नाही.

म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेपेक्षा तिच्या आधीच्या तपासणीवर जास्त भर दिला आहे. अपेक्षाभंग होतो तो पुष्कळदा तिथेच झालेल्या चुकीमुळे.

१. चालण्याची तक्रार नेमक्या शब्दांत पकडा

"चालता येत नाही" एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. पाय गोठतात (जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात) की पावलं छोटी छोटी पडून पुढे घसरत जातात? तोल मागे जातो की वळताना? पडणं होतं ते थबकल्यावर, की उठून उभं राहिल्याबरोबर?

यासाठी तीन दिवसांची डायरी ठेवा. दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने पाडा आणि प्रत्येकात पाचांपैकी एक खूण करा: झोप, ऑफ (गोळीचा अंमल उतरलेला), ऑन (गोळी चढलेली), ऑन पण त्रास न देणाऱ्या अनावर हालचालींसह, ऑन पण त्रासदायक हालचालींसह. गोळीची वेळ वेगळ्या शाईने लिहा. पाय गोठले की त्या रकान्यात "गो" आणि पडले तर "प". तीन दिवसांनी कागद समोर धरा. "गो" ऑफच्या रकान्यांत दाटलेले असतील तर आशेला जागा आहे. ऑनच्या रकान्यांतही तितकेच असतील, तर चालण्यासाठी डीबीएस करण्याचा विचार इथेच थोडा थांबवा आणि डॉक्टरांशी त्यावर स्वतंत्रपणे बोला.

२. घरी दोन चाचण्या करा, दोन्ही अवस्थांत

लागणारं सामान: हात असलेली भक्कम खुर्ची, मोजपट्टी, रंगीत चिकटपट्टी, फोन, आणि पेशंटच्या हाताच्या अंतरावर उभा राहणारा एक माणूस.

पहिली चाचणी उठून-चालून-बसण्याची. खुर्चीपासून ३ मीटरवर पट्टी चिकटवा. पेशंटने उठायचं, पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. वेळ मोजा. थोडी विश्रांती देऊन तेच पुन्हा, पण यावेळी चालताना १०० मधून ३-३ वजा करत मोठ्याने म्हणायचं: १००, ९७, ९४… समजा साधी फेरी १४ सेकंदांची आणि आकड्यांसह २१ सेकंदांची झाली. ७ सेकंद वाढले, म्हणजे निम्म्याने वेळ वाढला. ही लक्षाची किंमत. वजाबाकी आधी बसूनही करून घ्या, नाहीतर आकडे मुळातच जड जातात की चालण्यामुळे, हे कळणार नाही.

सेकंदांइतकंच आणखी एका गोष्टीकडे पाहा: दोन्ही कामं जमेनाशी झाल्यावर पेशंट सोडतो काय? निरोगी माणूस आकडे सोडतो आणि पाय सांभाळतो. कंपवातात पुष्कळदा उलटं घडतं. ९४, ९१ अचूक चालू असतं आणि पावलं कोलमडतात. अशा माणसाला घरात चालताना प्रश्न विचारणं म्हणजे त्याला पाडणंच.

दुसरी चाचणी जागच्या जागी वळण्याची. एक पूर्ण गिरकी डावीकडून, एक उजवीकडून, शक्य तितक्या वेगात. गोठणं उघड करायला याच्यासारखी चाचणी नाही. डॉक्टरांच्या खोलीत सरळ चालताना न दिसलेलं गोठणं इथे पुष्कळदा दिसतं. पडण्याची भीतीही इथेच जास्त, तेव्हा जवळच्या माणसाने हात तयार ठेवावेत.

दोन्ही चाचण्या एकदा ऑफमध्ये आणि एकदा ऑनमध्ये करा. व्हिडिओ काढताना सगळेजण चेहरा धरतात आणि पाय चौकटीबाहेर जातात. फोन कमरेच्या उंचीवर धरा, पावलं आणि वळण पूर्ण दिसू द्या.

मागून खांदे ओढून तोल बघण्याची चाचणी मात्र घरी करू नका. ती शिकलेल्या माणसानेच करायची.

३. बाकीची कारणं बाजूला काढा

चालणं बिघडलं की सगळं खापर कंपवातावर फुटतं. आधी रक्तदाब बघा: ५ मिनिटं आडवं झाल्यावर एकदा, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर पडण्यामागे तेही कारण असू शकतं आणि त्यावर वेगळा इलाज आहे. गुडघे, कण्यातली दबलेली नस, दृष्टी, पायांतला बधिरपणा, बी-१२ ची कमतरता हेही तपासून घ्या.

मग गोळ्यांची यादी काढा. कंपासाठी दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल आणि लघवीच्या घाईसाठीची काही औषधं हेच अॅसिटिलकोलीन दाबतात, त्यामुळे लक्ष आणि स्मरण मंदावतं. झोपेच्या गोळ्यांचा अंमल सकाळपर्यंत राहतो. उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रामाइड तर कंपवात सरळ वाढवतं. यातलं काहीही स्वतःहून एकदम बंद करायचं नाही, फक्त यादी न्यूरॉलॉजिस्टसमोर ठेवायची.

४. सोबत न्यायची फाइल

- निदान केव्हा झालं, पहिली लक्षणं कोणत्या बाजूला सुरू झाली, याचं अर्ध्या पानाचं टिपण
- आजवर घेतलेल्या औषधांची यादी, मात्रा, आणि एखादं बंद केलं असेल तर का
- तीन दिवसांची डायरी आणि पेन ड्राइव्हवर चाचण्यांचे व्हिडिओ
- गेल्या सहा महिन्यांत किती वेळा पडले, कुठे, काय करताना
- जुने एमआरआय, नुसता अहवाल नव्हे तर प्रतिमा असलेली सीडी
- रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्यांचा ठळक उल्लेख
- शरीरात पेसमेकर किंवा धातूचं काही असेल तर त्याचं कार्ड
- भास, नैराश्य, जुगार किंवा अनावर खरेदी असं कधी झालं असेल तर तेही

शेवटची ओळ बहुतेक घरं लाजेपोटी गाळतात. ती गाळू नका. डोपामीनच्या औषधांनी हे होऊ शकतं आणि तारेचं ठिकाण, औषधांची कपात, दोन्ही त्यावरून ठरतं.

५. लेव्होडोपा चाचणी: इथे कमाल मर्यादा कळते

आदल्या संध्याकाळपासून लेव्होडोपा बंद ठेवून, साधारण १२ तासांनी, पेशंटचं मोजमाप होतं. जास्त काळ टिकणारी औषधं त्याच्याही आधी थांबवावी लागतात, त्यांचं वेळापत्रक डॉक्टरच देतात. मग नेहमीच्या सकाळच्या मात्रेपेक्षा मोठी, बहुधा दीडपट मात्रा देतात आणि औषध पुरतं चढल्यावर पुन्हा मोजतात. गुणांमध्ये किमान ३० ते ३३ टक्के सुधारणा दिसावी अशी अपेक्षा असते. ढोबळ नियम असा: मोठ्या मात्रेने जे सुधारलं नाही, ते तारेनेही बहुधा सुधारणार नाही. कंप हा याला अपवाद. गोळीला न जुमानणारा कंपही डीबीएसने शांत होऊ शकतो.

सर्वांत मोठा सापळा याच टप्प्यावर आहे. एकूण टक्केवारी ऐकून घरचे खूश होतात. पण हालचालींच्या मोजपट्टीत, म्हणजे एमडीएस-यूपीडीआरएसच्या तिसऱ्या भागात, १३२ पैकी गुण असतात (जितके कमी तितकं बरं) आणि त्यात चालणं, गोठणं आणि तोल यांचे प्रत्येकी फक्त ४, म्हणजे एकूण १२. समजा एखाद्याचे गुण ५२ वरून २४ वर आले. सुधारणा ५४ टक्के, फारच छान! पण त्यातले चालणं-गोठणं-तोलाचे गुण ९ वरून ८ वरच आलेले असू शकतात. हात मोकळे होतील, कंप जाईल, जेवण आपल्या हातांनी होईल आणि पडणं तसंच राहील. तेव्हा अहवाल हातात आला की क्रमांक ३.१०, ३.११ आणि ३.१२ या तीन ओळी वेगळ्या विचारा: ऑफमध्ये किती, ऑनमध्ये किती.

हे ऐकून डीबीएस नको म्हणायचं असं नाही. हात, झोप आणि दिवसातले चांगले तास परत मिळणं ही मोठी गोष्ट आहे. फक्त कशासाठी करतोय हे घरात सगळ्यांना सारखं ठाऊक हवं.

६. लक्ष आणि स्मरणाची तपासणी हलक्यात घेऊ नका

सुरुवातीला मोका नावाची ३० गुणांची छोटी चाचणी होते. २६ पेक्षा कमी गुण आले म्हणून दार बंद होत नाही, पण सविस्तर तपासणी होतेच. ती दोन-तीन तास चालू शकते. आदल्या रात्री झोप झालेली असावी, चष्मा आणि कानाचं यंत्र सोबत असावं, आणि तपासणी ऑन अवस्थेत व्हावी. मधल्या गोळीची वेळ चुकवू नका.

यात एक चाचणी असते: एका मिनिटात "क"पासून सुरू होणारे जमतील तितके शब्द सांगा. एसटीएन, म्हणजे सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये तारा बसवल्यानंतर सर्वांत सातत्याने घसरण दिसते ती हीच, शब्द पटकन सुचण्याची. बहुतेकांच्या रोजच्या जगण्यात त्याने फार अडत नाही, पण ज्यांचं काम बोलण्यावर चालतं त्यांनी हे आधी तोलावं. स्मृतिभ्रंश स्पष्ट असेल तर डीबीएस सहसा करत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर गोंधळलेपण वाढण्याचा धोका असतो आणि मिळणारा फायदा वापरायला लागणारं लक्षच उरलेलं नसतं.

दोन चुका टाळा. प्रश्न पेशंटला विचारला असताना घरच्यांनी उत्तर देऊ नये. आणि डॉक्टरांसमोर पंधरा मिनिटं पेशंट एकदम तल्लख दिसतो, त्यावर विसंबू नये. घरी काय दिसतं ते, पेशंटचा मान राखून, वेगळं सांगावं.

७. जागा कोणती, हे विचारा

तार मुख्यतः दोन ठिकाणी बसते: एसटीएन किंवा ग्लोबस पॅलिडस इंटर्ना, म्हणजे जीपीआय. हालचालींतली सुधारणा दोन्हीकडे जवळपास सारखी. एसटीएननंतर औषधं जास्त कमी करता येतात. जीपीआयमुळे अनावर हालचाली थेट दबतात आणि विचारशक्ती किंवा मनःस्थिती काठावर असेल तर काही डॉक्टर तीच जागा पसंत करतात. "आमच्या पेशंटला हीच जागा का?" हा प्रश्न जरूर विचारा. पेडंक्युलोपोंटाइन न्यूक्लियस या चालण्याशी संबंधित तिसऱ्या जागेचं नाव कानावर येईल. ती अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे.

८. शस्त्रक्रिया आणि नंतरचे काही आठवडे

एमआरआयवरून मिलिमीटरच्या हिशेबाने जागा ठरते आणि कवटीला छोटी छिद्रं पाडून तारा आत जातात. पुष्कळदा पेशंट जागा असतो, म्हणजे हात-पाय हलवून परिणाम तिथल्या तिथे बघता येतो. मेंदूत रक्तस्राव साधारण शंभरात एक-दोघांना, जंतुसंसर्ग त्याहून थोडा जास्त जणांना.

तार नुसती आत गेल्यानेही काही दिवस लक्षणं कमी होतात. यंत्र चालू व्हायच्या आधीच बाबा झरझर चालू लागले म्हणून पेढे वाटू नका. ही सुधारणा ओसरते आणि ओसरली म्हणून घाबरायचंही कारण नाही. याचसाठी यंत्राचं प्रोग्रामिंग, म्हणजे विजेच्या ठोक्यांची जुळवणी, सहसा दोन ते चार आठवड्यांनी सुरू करतात.

९. प्रोग्रामिंग: चालण्याला वेळ द्या

सुरुवात साधारण १३० हर्ट्‌झ वारंवारता आणि ६० मायक्रोसेकंदांचा ठोका अशी होते आणि करंट मिलिअँपच्या दशांशांनी हळूहळू वाढवतात. जम बसायला तीन ते सहा महिने लागतात. ताठरपणा आणि कंप यांतला फरक काही सेकंदांत किंवा मिनिटांत दिसतो, चालण्यातला फरक दिसायला काही तास, कधी काही दिवस जातात. त्यामुळे डॉक्टरांच्या खोलीत हात थांबलेला दिसला की सगळे समाधानाने घरी जातात आणि पाय चौथ्या दिवशी बिघडतात. प्रत्येक बदलानंतर आठवडाभर डायरी पुन्हा सुरू करा आणि दुसऱ्या पायरीतली आकड्यांसह फेरी दर दोन दिवसांनी, त्याच वेळी, गोळीनंतर तितक्याच अंतराने मोजा.

डीबीएसनंतर चालणं बिघडलं तर डॉक्टरांसोबत या क्रमाने बघता येतं. औषधं फार भराभर कमी झाली का? हे नेहमी दिसणारं कारण, आणि यात चालण्याबरोबर उत्साहही जातो. माणूस खुर्चीत बसून राहतो, कशातच रस घेत नाही. तसं नसेल तर करंट शेजारच्या इंटर्नल कॅप्सूल या मज्जातंतूंच्या पट्ट्यात पसरतोय का? मग पाय ताठ होतात आणि बोलणं जड होतं. एक पाय चांगला आणि एक मागे अशी तफावत आहे का? मग चांगल्या पायाला सांभाळणाऱ्या, म्हणजे मेंदूच्या विरुद्ध बाजूच्या, तारेतला करंट कमी केल्याने दोन्ही पायांची लय जुळून गोठणं कमी झाल्याची उदाहरणं आहेत. ऐकायला उलटं वाटतं खरं, पण गोठण्याचं मूळ पुष्कळदा त्या तफावतीतच असतं. काहींना वारंवारता ६० ते ८० हर्ट्‌झपर्यंत उतरवून उपयोग होतो. त्यात कंप परत येऊ शकतो आणि फायदा काही आठवड्यांत विरूही शकतो.

हे सगळं दवाखान्यात. घरी रिमोटने यंत्र बंद करून "बघू या काय होतं" असं कधीही करू नका.

१०. लक्ष जिथे हवं तिथे वळवा

ठराविक जागी, समजा न्हाणीघराच्या दाराशी, पाय गोठत असतील तर तिथल्या जमिनीवर उठून दिसणाऱ्या रंगाच्या आडव्या पट्ट्या चिकटवा. दोन पट्ट्यांतलं अंतर पेशंटच्या मोकळ्या पावलाइतकं ठेवा. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल आपोआप उचललं जातं, कारण सवयीच्या बिघडलेल्या वाटेऐवजी मेंदू डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणेची वाट धरतो. फोनमधला मेट्रोनोम (ठराविक लयीत टिकटिक करणारं ॲप) लावायचा असेल तर आधी सहज चालताना मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजा. गोठण्याचा त्रास असेल तर ठोके त्याहून १० टक्के कमी ठेवा: १०० पावलं पडत असतील तर ९०. वेग वाढवला तर पावलं छोटी होत जातात आणि गोठणं वाढतं.

वळताना जागच्या जागी फिरायचं नाही, मोठा अर्धगोल घ्यायचा. पाय गोठलेच तर जोर लावायचा नाही. थांबायचं, ताठ उभं राहायचं, वजन डावीकडे-उजवीकडे दोन-तीनदा झुलवायचं आणि मग एक मोठं पाऊल. सोबतच्या माणसाने हात धरून पुढे ओढलं की धड पुढे जातं, पाय मागेच राहतात आणि दोघंही पडतात. "चला, चला, लवकर" हेही नको. घाईने गोठणं वाढतंच. काही बोलायचं असेल तर आधी थांबा, बोलणं संपवा, मग चाला.

चालता चालता दुसरं काम करण्याचा सराव फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करता येतो, पण लक्षाच्या चाचण्या बऱ्या आलेल्यांनीच. बाकीच्यांनी एका वेळी एकच काम.

११. यंत्र बसल्यावरची पथ्यं

गुडघा दुखतो म्हणून फिजिओथेरपीला गेलात तर दारातच सांगा की शरीरात डीबीएस आहे. शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक अजिबात चालत नाही, अगदी गुडघ्यालाही नाही. तारेतून उष्णता मेंदूपर्यंत पोहोचून कायमची इजा किंवा मृत्यूही ओढवू शकतो. एमआरआय यंत्राच्या कार्डावर लिहिलेल्या अटींनुसारच करायचा, आणि कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर सर्जनला आधी कळवायचं.

न चार्ज होणारी बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षं टिकते, चार्ज होणारी १५ किंवा अधिक. चालणं एक-दोन दिवसांत अचानक खालावलं तर आधी रिमोटवर बॅटरी बघा, आजार वाढला असं गृहीत धरू नका. बरीच वर्षं डीबीएसवर असलेल्या पेशंटची बॅटरी पूर्ण संपली तर शरीर लाकडासारखं ताठ होऊ शकतं आणि गिळणंही थांबू शकतं. अशा वेळी सकाळपर्यंत वाट न बघता थेट तातडीच्या विभागात जायचं.

पोहता येणाऱ्या पेशंटसाठी एक इशारा. एसटीएनमध्ये तारा बसवल्यावर काहींचं पोहण्याचं कौशल्य अचानक गेल्याचं आढळलं आहे, तेही चालणं आणि बाकीच्या हालचाली सुधारलेल्या असताना. पहिल्यांदा पाण्यात उतराल तेव्हा कमरेइतक्याच पाण्यात, आणि चांगलं पोहता येणारा माणूस हाताच्या अंतरावर ठेवून.